म्यान आणि गुप्ती : शस्त्र बाळगण्याविषयी इस्लामची शिकवण

दिव्य कुरआनातील ५७व्या सूरहचे नाव 'अल-हदीद' म्हणजे 'लोखंड' असे आहे. तिच्या २५व्या आयतीत अल्लाहने लोखंडाचा उल्लेख केला आहे. त्यात मोठे बळ आहे आणि लोकांसाठी अनेक लाभही आहेत, असा त्याचा आशय. मात्र हा उल्लेख येण्यापूर्वी त्याच आयतीत सांगितले आहे, की प्रेषितांबरोबर ग्रंथ आणि तुला पाठवण्यात आली, जेणेकरून लोकांनी न्यायावर कायम राहावे. आधी ग्रंथ, मग तुला आणि नंतर लोखंड, असा हा क्रम आहे. ग्रंथाच्या आणि न्यायाच्या अधीन असलेले लोखंड हे अल्लाहचे वरदान आहे. त्यांच्यापासून सुटलेले लोखंड ही विपत्ती आहे.

हा फरक समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. स्वयंपाकघरातली विळी, बकरी ईदला धार लावून ठेवलेली सुरी, ऊसतोड मजुराच्या हातातला कोयता ही सारी लोखंडाची लाभदायक रूपे आहेत. हाच कोयता रस्त्यावर उगारला जाऊ लागला, तेव्हा गेल्या काही वर्षांत पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला. धातू तोच आणि धारही तीच. बदलला तो हेतू.

आजचा धडा आहे तो अंगावर लपवून बाळगल्या जाणाऱ्या पात्यांविषयी. पेनाच्या टोपणात दडवलेले पाते, पट्ट्याच्या बकलात बसवलेले पाते, खिशातल्या कार्डासारखा घडी होणारा चाकू, बटण दाबताच उघडणारा चाकू, या वस्तू आता मोबाईलवरून मागवता येतात. पार्सल दारात येते आणि आत काय आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कळतही नाही. काही तरुण त्यांचा संग्रह करतात, तर काही त्या रोज जवळ बाळगतात. कारण विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : "स्वसंरक्षणासाठी." या उत्तराचा विचार शरीअतच्या प्रकाशात करायला हवा.

भय खरे आहे आणि हक्कही खरा आहे

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की या तरुणांचे भय नेहमीच काल्पनिक नसते. रात्रपाळी संपवून एकटा परतणारा मुलगा, शिकवणीहून उशिरा येणारी मुलगी, जमावाच्या हिंसेच्या बातम्या वाचून अस्वस्थ झालेला प्रवासी यांना "घाबरू नका" एवढेच सांगून भागत नाही. इस्लामने माणसाला अत्याचारापुढे मान तुकवायला सांगितलेले नाही. स्वतःच्या मालमत्तेचे रक्षण करताना जो मारला जातो तो शहीद आहे, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांतील ह. सईद बिन जैद (रजि.) यांच्या कथनात प्राण, धर्म आणि कुटुंब यांच्या रक्षणाचाही असाच उल्लेख येतो. म्हणून संरक्षणाचा हक्क आहे की नाही, हा आपल्यापुढचा प्रश्नच नव्हे. तो हक्क कोणत्या मार्गाने आणि कोणत्या मर्यादेत बजावायचा, हा खरा प्रश्न आहे.

बाजारातील बाण

प्रेषितकाळात अरबस्तानात शस्त्र ही रोजची गोष्ट होती. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शस्त्र हाताळण्याचे जे शिष्टाचार घालून दिले, त्यांची बारकाई पाहून मन थक्क होते.

ह. अबू मूसा अश्अरी (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) सांगितले, की जो कोणी बाण घेऊन आमच्या मशिदीतून किंवा बाजारातून जाईल, त्याने बाणांची टोके हाताने धरून ठेवावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही. ह. जाबिर (रजि.) सांगतात, की उघड्या टोकांचे बाण घेऊन मशिदीतून जाणाऱ्या एका माणसाला प्रेषितांनी थांबवून हीच आज्ञा दिली. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. केवळ ओरखडा उठण्याची शक्यता होती आणि तीही टाळायला सांगितली गेली.

दुसरी शिकवण ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून येते. कोणीही आपल्या बंधूकडे शस्त्र रोखू नये, कारण सैतान केव्हा हात सरकवील आणि माणूस नरकाच्या खाईत पडेल, हे सांगता येत नाही. मुस्लिमच्या संग्रहात याच आशयाची आणखी कडक हदीस आहे : जो आपल्या बंधूकडे लोखंड रोखतो त्याच्यावर फरिश्ते धिक्कार करीत राहतात, मग समोरचा त्याचा सख्खा भाऊ का असेना. सख्ख्या भावाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण सख्ख्या भावावर शस्त्र रोखले जाते ते बहुधा थट्टेनेच. मित्राच्या गळ्याला चाकू लावून चित्रफीत काढणाऱ्या मुलांनी ही हदीस पुन्हा पुन्हा वाचावी.

ह. जाबिर (रजि.) यांनीच सांगितलेली आणखी एक आज्ञा अशी, की नंगी तलवार एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देऊ नये. आणि अबू दाऊद यांनी नोंदवलेला एक प्रसंग तर फार बोलका आहे. प्रवासात एक सहाबी झोपले असता कोणी गमतीने त्यांच्याजवळची दोरी उचलली आणि ते दचकून जागे झाले. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले, की मुस्लिमाने मुस्लिमाला घाबरवणे वैध नाही. दोरी उचलून घाबरवणेही जेथे वैध नाही, तेथे पाते दाखवून घाबरवण्याविषयी वेगळे काय सांगावे?

ही दया माणसापुरतीच नाही. कुर्बानीच्या जनावरासमोर सुरीला धार लावण्यासही प्रेषितांनी मनाई केली, कारण जनावराला दोनदा मरण देऊ नये. मुक्या प्राण्याच्या डोळ्यांतल्या भीतीची जेथे एवढी कदर आहे, तेथे शेजाऱ्याच्या मनातली भीती क्षुल्लक कशी ठरेल?

म्यान आणि गुप्ती यांतील अंतर

मराठीत 'गुप्ती' हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. दिसायला हातातली साधी काठी, पण आत तलवारीचे पाते. म्यानही पाते झाकते आणि गुप्तीही पाते झाकते. मग दोहोंत फरक काय?

म्यान पाते झाकते ते इतरांना इजा होऊ नये म्हणून. म्यानातील तलवार कमरेला असल्याचे प्रत्येकाला दिसते. ती कोणाला फसवीत नाही. गुप्ती पाते झाकते ते इतरांना कळू नये म्हणून. म्यानात सावधपणा आहे, गुप्तीत कपट आहे. बाणांची टोके हातात धरायला सांगणारी हदीस म्यानाची शिकवण देते. पेनात दडवलेला चाकू हे गुप्तीचेच आधुनिक रूप आहे.

सीरतमध्ये याचे सुंदर उदाहरण आहे. हिजरी ६ मध्ये हुदैबिया येथे करार झाला. त्यानुसार पुढच्या वर्षी मुस्लिमांना उमरासाठी मक्केत येण्याची परवानगी मिळाली, पण तलवारी म्यानातच असतील, या अटीवर. मक्केचे लोक तेव्हा शत्रुपक्षातले होते आणि धोका खराखुरा होता. तरीही हिजरी ७ मध्ये मुस्लिम मक्केत आले ते उघडपणे ठरलेली ही अट पाळून. वस्त्रांत खंजीर लपवून नेणे त्यांना अशक्य नव्हते. पण दिलेला शब्द हेच त्यांचे संरक्षण होते.

म्हणूनच मोमिनची व्याख्या करताना प्रेषितांनी (स.) सांगितले, की ज्याच्यापासून लोकांना आपले प्राण आणि मालमत्ता सुरक्षित वाटते तो मोमिन. या हदीसमध्ये 'लोक' हा शब्द आहे. त्यात शेजारचा पाटील आहे, दुकानदार शहा आहे, बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई आहे. खिशात पाते दडवून या माणसांत वावरणारा तरुण त्यांच्या नकळत त्यांचा विश्वास वापरत असतो. ज्या दिवशी ते पाते दिसते, त्या दिवशी विश्वास तुटतो, आणि तो केवळ त्या एका तरुणावरचा नव्हे.

लपवलेल्या पात्याचा एक धडा

लपवलेले पाते काय करू शकते, याचा अत्यंत दुःखद धडा इस्लामच्या इतिहासात आहे. हिजरी २३, म्हणजे इ. स. ६४४. खलीफा ह. उमर (रजि.) मदिनेच्या मशिदीत फजरच्या नमाजचे नेतृत्व करीत होते. अबू लुलुआ हा मारेकरी दोन्ही बाजूंनी धार असलेला खंजीर घेऊन अंधारात आला आणि त्याने ह. उमर (रजि.) यांच्यावर वार केले. पळताना तो डावीउजवीकडे वार करीत गेला. बुखारीतील कथनानुसार तेरा माणसे जखमी झाली आणि त्यांपैकी सात मृत्यू पावली. अखेर एकाने त्याच्यावर वस्त्र टाकले आणि आपण पकडले जाणार हे दिसताच त्याने स्वतःलाही संपवले.

घटना येथेच थांबली नाही. इतिहासकार सांगतात, की तसाच खंजीर आदल्या दिवशी काही जणांजवळ पाहिल्याची साक्ष पुढे आली. ह. उमर (रजि.) यांचे पुत्र उबैदुल्लाह यांनी संतापाच्या भरात हुरमुजान याला आणि इतरांना ठार केले. त्यात अबू लुलुआच्या अल्पवयीन मुलीचाही जीव गेला. खटला नाही, चौकशी नाही. नवे खलीफा ह. उस्मान (रजि.) यांच्यापुढे आलेल्या पहिल्या प्रश्नांपैकी हा एक होता आणि हुरमुजानच्या हत्येची दियत, म्हणजे रक्तभरपाई, त्यांनी स्वतःच्या संपत्तीतून दिली.

एक लपवलेले पाते किती जणांपर्यंत पोहोचले, हे पाहा. ज्याच्यासाठी आणले तो एक, मध्ये सापडलेले तेरा, स्वतः मारेकरी आणि मग संशयाने घेतलेले बळी. पाते एकदा निघाले, की ते कोणाजवळ थांबेल, हे बाळगणाऱ्याच्या हाती राहत नाही.

पायऱ्यांचा नियम

"पण मी तर हल्ला झाला तरच वापरीन," असे तरुण म्हणेल. याचे उत्तर फिकहच्या ग्रंथांत आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मसलकचे आहेत. त्यांच्या मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या इमाम नववी (रह.) यांच्या 'मिन्हाज' या ग्रंथात हल्लेखोराच्या प्रतिकाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील नियमाचा सारांश असा : प्रतिकार सर्वांत सौम्य उपायाने करावा. बोलून किंवा मदतीची हाक देऊन भागत असेल तर मारणे हराम आहे. हाताने भागत असेल तर चाबूक हराम आहे, चाबकाने भागत असेल तर काठी हराम आहे. आणि पळून जाणे शक्य असेल तर पळून जाणे हाच ग्राह्य मत असलेला मार्ग आहे.

हनफी मसलकच्या 'हिदाया' या ग्रंथातही हीच दृष्टी दिसते. शहरात, भर दिवसा कोणी केवळ काठी उगारली आणि समोरच्याने त्याला ठार केले, तर इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ठार करणारा दोषी ठरतो, कारण काठीचा वार लगेच जीवघेणा नसतो आणि शहरात दिवसा मदत मिळू शकते. रात्रीची वेळ, निर्जन रस्ता किंवा हल्लेखोराच्या हातात घातक शस्त्र असेल, तर हुकूम वेगळा आहे. वेळ, जागा आणि धोक्याचे प्रमाण एवढे तोलून पाहणारी ही न्यायबुद्धी आहे.

आता खिशातल्या चाकूचा विचार करा. शब्द, हाक, माघार, हात या साऱ्या पायऱ्या तो एका क्षणात ओलांडतो. ज्याच्याजवळ फक्त चाकू आहे त्याच्यापुढे भ्यालेल्या क्षणी एकच उपाय उभा राहतो आणि तो शेवटचा असतो. धक्काबुक्कीत जे प्रकरण फाटलेल्या सदऱ्यावर मिटले असते, ते रक्तावर जाते. दोन मुस्लिम तलवारी घेऊन एकमेकांसमोर आले तर मारणारा आणि मरणारा दोघेही आगीत जातील, या हदीसवर सहाबांनी विचारले होते, की मरणाऱ्याचा काय दोष? उत्तर मिळाले, की त्यालाही समोरच्याला मारण्याची ओढ होती. चाकू बाळगणाऱ्याने रोज घराबाहेर पडताना स्वतःच्या मनाला विचारावे, की ही ओढ आपल्या आत रुजत तर नाही?

हौस आणि रुबाब

काही जण म्हणतात, की आम्ही वापरत नाही, फक्त जमवतो. प्रेषितांकडेही तलवारी होत्याच ना? होत्या. पण त्या एका समाजाच्या प्रमुखाच्या होत्या, उघड होत्या आणि रणभूमीसाठी होत्या. गर्दीत मिरवण्यासाठी नव्हत्या. ईदच्या दिवसांत शस्त्रे बाळगण्याविषयी बुखारीत एक प्रसंग आहे. हजच्या काळात मिनामध्ये ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या तळपायात भाल्याचे टोक घुसले. राज्यपाल हज्जाज भेटीला आला आणि म्हणाला, की दुखापत कोणी केली हे कळले असते तर! ह. इब्ने उमर (रजि.) यांनी त्यालाच जबाबदार धरले, कारण ज्या दिवशी शस्त्रे बाळगली जात नसत त्या दिवशी त्याने ती बाळगू दिली आणि हरमच्या हद्दीत आणू दिली. टोक कोणाच्या हातातले होते, हे त्यांनी विचारले नाही. ज्याने प्रथा पाडली त्याच्याकडे बोट दाखवले. संदल, उरूस किंवा मिरवणुकीत मुलांच्या हाती तलवारी देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या उत्तराचा विचार करावा. वाढदिवसाला तलवारीने केक कापून छायाचित्र पसरवणे हा तर निव्वळ रुबाब आहे. त्यात धर्म नाही आणि शौर्यही नाही.

देशाचा कायदा हाही करार आहे

करार पाळण्याची आज्ञा कुरआनात सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. नागरिक म्हणून आपण या देशाच्या कायद्याशी बांधलेले आहोत. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांच्या यादीत तलवार, खंजीर व गुप्ती यांचा नावानिशी समावेश आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरगुती अथवा शेतीकामासाठी न बनवलेले चाकूही त्यात येतात. अधिसूचित प्रदेशात अशी शस्त्रे विनापरवाना बाळगल्यास कैद होऊ शकते. पाते लहान आहे म्हणून निश्चिंत राहू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघतात, तेव्हा चाकू आणि काठीही निषिद्ध ठरू शकतात.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. 'मिन्हाज'मधील पायऱ्यांचा नियम आणि हा कायदा येथे एकाच दिशेला बोट दाखवतात. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी, की झडतीत खिशातून पाते निघाले की "संरक्षणासाठी होते" हे सांगून सुटका होत नाही. एका चाकूपायी मुलाची नोकरी, पासपोर्ट आणि आई-वडिलांची झोप जाते.

मग सुरक्षितता कशात आहे?

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे एकाने विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले, की आधी बांध आणि मग भरवसा ठेव. तेव्हा उपाय केलेच पाहिजेत. ते योग्य असावेत एवढेच.

आपल्याच राज्यात याचा दाखला आहे. भिवंडी शहर १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींत होरपळले. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुस्लिम आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले, अफवा आणि तंटे वेळीच मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तिला वाचवले ते ओळखीने आणि विश्वासाने.

घराघरांत पुढील गोष्टी करता येतील :

१. मुलाच्या दप्तरात किंवा कपाटात पाते सापडले तर आधी ओरडू नका. "तुला कोणाची भीती वाटते?" हे विचारा. त्रास देणारा कोणी असेल तर तो प्रश्न शाळा, जमात किंवा पोलीस यांच्यापर्यंत मोठ्यांनी न्यावा.

२. रात्री उशिरा परतणाऱ्यांनी शक्यतो सोबतीने आणि वर्दळीच्या रस्त्याने यावे. घरी वेळ कळवावी. ११२ हा क्रमांक लहानांनाही पाठ असावा.

३. वडिलोपार्जित तलवार किंवा जंबिया घरात असेल तर वकिलाच्या सल्ल्याने तिची कायदेशीर व्यवस्था लावावी. ती मुलांच्या खेळात येऊ देऊ नये.

४. कुर्बानीच्या सुऱ्या काम संपताच धुऊन, गुंडाळून, कुलपात ठेवाव्यात. नेताना-आणताना त्या बांधलेल्या असाव्यात.

५. मुलांना व्यायाम, पोहणे, कुस्ती शिकवा. ज्याला आपल्या अंगातल्या बळावर आणि अल्लाहच्या मदतीवर विश्वास आहे, त्याचा हात सहसा खिशाकडे जात नाही.

कुटुंबात चर्चेसाठी

म्यान आणि गुप्ती यांतील फरक मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगावा. बाणांच्या हदीसचा हुकूम आज आपल्या घरातील कोणकोणत्या वस्तूंना लागू होतो? इब्ने उमर (रजि.) यांनी वार करणाऱ्याऐवजी राज्यपालाला जबाबदार का धरले?

अल्लाह आपल्या मुलांना भयापासून आणि भयातून घडणाऱ्या गुन्ह्यापासून सुरक्षित ठेवो, आपले हात असे करो की त्यांच्यापासून सर्व लोक निर्धास्त राहतील, आणि आपल्या वस्त्यांना शांतता देवो. आमीन.